गळू द्या, पण अंगणात

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बोडीच्या पाळीवरची काटेसावर फुटली आणि तिचा कापूस वाऱ्यावर आमच्या छपरीपर्यंत यायला लागला. दोन दिवस मी तो झाडत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सुपलीत जमलेला अर्धा कापूस झाडाचा नाहीच, आमच्या पाच महिन्यांच्या कुत्रीचा आहे. योगायोग असा की तिचं नावही सावरीच. फेब्रुवारीत हे पांढरं बोंड घरी आलं तेव्हा सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि "सावरीची उशीच आहे ही" म्हणाल्या, तेच नाव राहिलं.

पंधरा दिवसांत उशीचा पार अभ्रा झाला. मानेवरून हात फिरवला की मूठभर लव हातात यायची. तोंड कोल्ह्यासारखं निमुळतं झालं, पाय काटकुळे दिसायला लागले, शेपटीचा झुपका गेला. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "अवो, तुमच्या कुत्रीले खरूज झाली का जी?" मला रडू यायचंच बाकी होतं.

खरूज झाली नव्हती, सावरी फक्त मोठी होत होती. पण हे मला सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. नंतरच्या तीन वर्षांत डॉक्टरांना विचारून, चुकून आणि पुन्हा विचारून जे शिकले, ते इथं लिहिते आहे. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी कुठंही जा, आता घरोघरी स्पिट्झ, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड दिसतात. आणि दरवर्षी ऐन उन्हाळ्यात कुणीतरी फोटो दाखवून तोच प्रश्न विचारतं, "हिचे केस का गळतात?"

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या कातडीच्या एका छिद्रातून साधारण एकच केस निघालेला असतो. पुढच्या काही महिन्यांत त्याच छिद्रातून एक जाड मुख्य केस आणि त्याच्याभोवती बारीक केसांचा झुबका येऊ लागतो. म्हणजे पिलाचा मऊ, फुगीर कोट जाऊन त्याच्या जागी दुहेरी कोट येतो. वरचे राठ केस पाणी आणि ऊन अडवतात, आतली दाट लव अंगाचं तापमान सांभाळते. बाळाचं जावळ आपण समारंभानं काढतो. कुत्र्याचं जावळ आपणहून जातं, फक्त महिना-दोन महिने लावतं आणि जाता जाता सगळ्या घरभर फिरतं.

कुणाचं कधी, हे जातीवर आहे. आपल्या गावठी कुत्र्यांत आणि लॅब्राडोरसारख्या आखूड केसांच्या जातींत चौथ्या ते सहाव्या महिन्यात हे उरकतं. गावठी पिलांचं तर कळतही नाही. स्पिट्झमध्ये सुरुवात चौथ्या-पाचव्या महिन्यात होते, पण पूर्ण आयाळ यायला वर्ष, कधी दीड वर्ष लागतं. मधले काही महिने ते पिल्लू इतकं विद्रूप दिसतं की विकणाऱ्यानं फसवलं असं वाटावं. जर्मन शेफर्ड आणि गोल्डन रिट्रीव्हर यांचंही वर्ष-दीड वर्ष चालतं. (आपण ज्याला पामेरियन म्हणतो तो बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झ असतो. 1994 च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी आठवतो ना, तोच. खरा पामेरियन त्याहून बराच लहान.) शिह त्झू आणि पूडलची गोष्ट उलटी आहे. त्यांचे केस जमिनीवर फारसे पडत नाहीत, जुने केस नव्यांत अडकून राहतात. त्यामुळे आठव्या-दहाव्या महिन्यात अचानक जटा व्हायला लागतात. "आमचा गळतच नाही" म्हणून खूश असलेल्या मालकांनीच त्या दिवसांत रोज विंचरायला हवं.

बदल सुरू झाला आहे की काही आजार आहे, हे घरीच बऱ्यापैकी ओळखता येतं. पिलाला उजेडात उभं करा आणि वरून पाठीकडे बघा. मानेपासून शेपटीपर्यंत मधोमध एक पट्टा दिसेल. तिथले केस बाजूच्या केसांपेक्षा चपटे, चकचकीत आणि थोडे राठ असतात, रंगही किंचित वेगळा असतो. तोच नवा कोट. पुष्कळ जातींत तो आधी पाठीच्या कण्यावर येतो आणि मग बाजूंना उतरतो. आता बगलेजवळचा एक झुबका चिमटीत धरून हलकेच ओढा. निरोगी पिलाच्या अंगावरून तो सहज सुटून येतो, पिल्लू मागं वळूनही बघत नाही आणि खाली गुलाबी किंवा राखाडी स्वच्छ कातडी दिसते, तिच्यावर बारीक नवे केस उगवलेले असतात. असं असेल तर निर्धास्त राहा.

पण खाली नुसती कातडीच असेल, केसांचा पत्ताच नसेल आणि असे चट्टे डोळ्याभोवती, ओठांच्या कडेला किंवा पुढच्या पायांवर असतील, तर तो कोट बदलणं नव्हे. तीन महिने ते दीड वर्षाच्या पिलांत डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्यामुळे असे चट्टे पडतात. गंमत म्हणजे त्यांना सुरुवातीला खाज नसते, त्यामुळे आपलं लक्षच जात नाही. कानाच्या कडा आणि कोपरं सोलवटली आहेत, पिल्लू रात्रभर खाजवतं आहे आणि घरातल्या कुणाच्या तरी हातावर, पोटावर पुरळ आलं आहे, असं झालं तर ती खरी खरूज, माणसालाही चिकटणारी. गोल, कडेला खपली असलेले चट्टे म्हणजे बहुधा गजकर्ण. तेही आपल्याला होतं. शेपटीच्या मुळाशीच केस विरळ होत असतील तर पिसवा बघा. कंगव्यातून निघालेली काळी रवाळ घाण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

यातलं काहीही दिसलं तर दुकानातून मलम आणू नका, डॉक्टरांकडे जा. ते पात्याला तेलाचा थेंब लावून कातडी थोडीशी खरवडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम असतं. केस गुंतागुंतीची असेल तर आपल्याला नागपूर फार लांब नाही. सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून आहे आणि तिथल्या चिकित्सालयात कुत्री-मांजरंही तपासतात. जाताना पिलाला आंघोळ घालून नेऊ नका. मी घातली होती. डॉक्टर म्हणाले, "पुरावा धुऊन आणलात."

आता आजार नाही हे नक्की झालं असं धरू. पुढचा प्रश्न सगळे एकच विचारतात, गळणं थांबवायचं कसं? थांबत नाही. गोळीनं, तेलानं, शांपूनं, कशानंही नाही. माणसाच्या डोक्यावरचे बहुतेक केस कायम वाढत असतात. स्पिट्झसारख्या कुत्र्याचे बहुतेक केस वाढ संपवून नुसते मुळाशी टेकून बसलेले असतात, वरून खूण आली की सुटतात. ती खूण मुख्यतः दिवसाच्या लांबीची असते, उष्णतेची त्यामानानं कमी. लंडनमध्ये हिवाळ्यातला दिवस जेमतेम 8 तासांचा आणि उन्हाळ्यातला 16 तासांच्या वर, म्हणून तिथली कुत्री वर्षातून दोनदा धडाधड केस टाकतात आणि मोकळी होतात. आपल्याकडे सर्वांत लहान दिवस सुमारे 10 तास 50 मिनिटांचा, सर्वांत मोठा सुमारे 13 तास 25 मिनिटांचा. एवढ्याशा फरकानं कोटाला नीट निरोप मिळत नाही, त्यात घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट. म्हणून आपली कुत्री बारा महिने थोडी थोडी गळतात आणि होळीच्या आसपास व दसऱ्याच्या आसपास जास्त गळतात. पिलाचा पहिला बदल यापैकी एखाद्या हंगामात सापडला की दोन्ही पूर एकदम येतात. आमच्याकडे तेच झालं होतं.

म्हणजे केस पडणारच. कुठं पडायचा, एवढंच आपल्या हातात आहे. पलंगावर, वरणात, धुतलेल्या धोतरावर पडण्याऐवजी तो अंगणात, कंगव्यात, आपण ठरवलेल्या वेळी पडला पाहिजे. माझं सगळं शिक्षण या एका वाक्यात येतं. बाकीचा तपशील.

त्यासाठी बदलाच्या दिवसांत रोज दहा मिनिटं द्या. रविवारी तासभर विंचरून भागत नाही, पिल्लू कंटाळतं आणि आपणही. हत्यारं दोन पुरतात. बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश आणि लांब दातांचा धातूचा कंगवा. आखूड केसांच्या कुत्र्याला रबरी हातमोजा बास. पात्यासारखे धारदार दात असलेली जी 'केस काढण्याची' साधनं ऑनलाइन मिळतात, ती स्पिट्झला लावताना मी तरी जपून असते. ती लव काढतात तसे वरचे राठ केसही कापतात, आणि कोट निस्तेज होतो.

आमची पद्धत सांगते. सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत, सांदवाडीत पोतं अंथरते. सावरीला कुशीवर झोपवते. पाण्याची फवारणी हलकीशी, कारण कोरडा केस तुटतो आणि उडतो. मग डाव्या हाताच्या तळव्यानं केस उलटे वर धरायचे, खाली कातडीची बारीक रेघ दिसली पाहिजे, आणि त्या रेघेपासून खालच्या बाजूला थोडे थोडे केस सोडत ब्रश न्यायचा. घरात सुरुवातीला सगळेच नुसतं वरून विंचरायचे, शाळेत जाणाऱ्या मुलीचा भांग पाडावा तसं. वरून झकास दिसतं आणि खाली लवेचा नमदा तसाच राहतो. हा नमदा फार वाईट. त्यात घाम नाही पण पाणी, धूळ आणि गोचिडं अडकतात, आणि कातडीला हवा मिळत नाही. ब्रश झाल्यावर कंगवा घालून बघायचा. मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेला तर ती जागा झाली.

तीन जागा कायम राहून जातात. कानामागची मऊ लव, पुढच्या पायांच्या बगला आणि मागच्या मांड्यांवरची 'विजार'. गाठ लागली तर ओढू नका आणि कात्री कातडीला समांतर चालवू नका. पिलाची कातडी गाठीबरोबर वर उचलली जाते आणि कापली जाते, हे मी एकदा पाहिलं आहे. गाठीच्या मुळाशी बोटं धरून टोकाकडून थोडी थोडी मोकळी करा. फारच घट्ट असेल तर गाठ आणि कातडी यांच्यात कंगवा सरकवा आणि कंगव्याच्या वर कात्री चालवा.

पिल्लू ब्रश चावतं, पळतं. सुरुवातीचे चार दिवस ब्रश फक्त हुंगायला द्या, दोनदा फिरवा, फुटाणा द्या, सोडून द्या. पाचव्या दिवशी एक बाजू. सावरी आता पोतं अंथरलं की आपणहून येऊन लोळते, पण तिला मांड्यांना हात लावलेला अजूनही आवडत नाही. मांड्या आम्ही सगळ्यात शेवटी घेतो.

दिवाळीनंतर धानकापणी चालू झाली की या दहा मिनिटांत आणखी एक काम वाढतं. तणसाच्या ढिगात लोळून आलेल्या कुत्र्याच्या अंगात कुसळं अडकतात. त्यांचं टोक एकाच दिशेनं पुढं सरकतं, मागं येत नाही, आणि बोटांच्या बेचक्यातून किंवा कानातून आत शिरतं. पाय चाटत बसलेलं किंवा डोकं झटकणारं पिल्लू दिसलं तर आधी तिथं बघा.

आंघोळीबद्दल थोडक्यात. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. ती नेहमी विंचरल्यानंतर घालायची, कारण पाण्यानं गाठी आवळतात. साबण आपला नको. माणसाच्या कातडीचा सामू साधारण 5.5, कुत्र्याचा 7 च्या जवळपास. दोघांना एकच साबण चालत नाही. आंघोळीच्या पाण्यात घरगुती जंतुनाशक टाकण्याची पुष्कळांना सवय असते. कुत्रं अंग चाटतं, तेव्हा ते पोटात जातं. मोहरीचं किंवा खोबरेल तेल चोपडून केस गळायचे थांबत नाहीत, वर आपल्याकडची धूळ चिकटते. आणि पावसाळ्यात सुकवणं हेच खरं काम. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा अशी की लुगडं दोन दिवस वाळत नाही, मग दुहेरी कोटाची लव कशी वाळणार? वरून कोरडं, आत ओलं राहिलं की एका रात्रीत कातडीवर ओला, लाल, दुखरा चट्टा उठतो. टॉवेलनं घासू नका, दाबून पाणी टिपा, मग पंख्यासमोर बसवून ब्रश करत करत सुकवा.

आता जेवण. यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या जिल्ह्यात गडबड इथेच होते. आपण भाताची माणसं. कुत्र्यालाही भात, वर वरणाचं पाणी किंवा दूध. पिल्लू खातं, पोट भरतं, वजनही वाढतं. पण तांदळात प्रथिनं 7 ते 8 टक्के, आणि वाढत्या पिलाच्या आहारात, पाणी वगळून मोजलं तर, ती 22 टक्क्यांच्या वर लागतात. केस म्हणजे जवळपास निव्वळ प्रथिन. कुत्र्याला रोज मिळणाऱ्या प्रथिनांतला पाव ते तिसरा हिस्सा कातडी आणि केसांवर खर्च होतो असं पशुवैद्य सांगतात, आणि कोट बदलताना मागणी वाढते. शरीर हुशार असतं, तुटवडा पडला की आधी हृदय-यकृत सांभाळतं आणि केसांचा कोटा कापतं. मग जुना कोट जातो आणि नवा येतो तो विरळ, राठ, तांबूस टोकांचा. लोक म्हणतात "गळून गळून असा झाला". गळून नव्हे, न उगवून.

भात बंद करायला मी सांगत नाही, त्यानं कुणी मरत नाही. ताटातला वाटा बदला. भात एक वाटा असेल तर अंडं, चिकन, मासा यांचा मिळून निदान तेवढाच वाटा हवा. एका अंड्यात 6 ग्रॅम प्रथिनं असतात. ते उकडून द्या, कच्चं नको. तळ्यातला, वैनगंगेतला लहान मासा उकडून, काटे नीट काढून दिला तर प्रथिनांबरोबर कातडीला हवी असलेली स्निग्धाम्लंही मिळतात. शाकाहारी घरांत पनीर, उकडलेले सोयाबीनचे गोळे, दही चालतं. दूध पुष्कळ कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. जवस आपल्याकडं पिकतो, भाजून कुटलेला अर्धा चमचा भातात घालायला हरकत नाही. मात्र जवसातलं तेल उपयोगी रूपात बदलून घेणं कुत्र्याच्या शरीराला फारसं जमत नाही, त्यापेक्षा माशाचं तेल सरस. त्याची मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांना विचारा. जास्त झालं तर पोट बिघडतं. फोडणीचा कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट मात्र कधीही नाही. उरलेली भाजी कुत्र्याच्या भातात कालवण्याच्या आपल्या सवयीत कांदा हमखास जातो, आणि तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. घरचंच खाऊ घालणार असाल तर कॅल्शियमचं गणितही डॉक्टरांकडून करून घ्या. मांस-भातात ते अगदी कमी असतं आणि पिलाची हाडं वाढत असतात. आहार बदलल्यावर कोटावर फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात. आठ दिवसांत "काही होत नाही" म्हणून सोडू नका.

माझी सगळ्यात मोठी चूक आता सांगते. दुसऱ्या उन्हाळ्यात, नवतप्यात, पारा 45 च्या पुढं गेला होता. सावरी दिवसभर जीभ काढून धापा टाकायची. दीड वर्षाची झाली होती, नवा कोट भरत आला होता. मला वाटलं, आपण पातळ सुती नेसतो आणि हिच्या अंगावर रजई. मशीन लावून पूर्ण भादरून घेतली. घरी आली तेव्हा कोकरासारखी दिसत होती, मुलं हसली. चौथ्या दिवशी पाठ लाल झाली, मग कातडी निघाली. पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी उघड्या उन्हात भाजली होती. धापा तर कमी झाल्याच नाहीत. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, ते जिभेवाटे आणि श्वासावाटे थंड होतं, थोडंसं तळव्यांतून. केस काढून माणसाला जो आराम मिळतो तो त्याला मिळत नाही. उलट वरचे केस ऊन अडवतात आणि मोकळी, विंचरलेली लव कातडीजवळ हवा खेळवते. भिंतीवर तट्ट्या लावाव्यात तसं. गरम होतं ते न विंचरलेल्या लवेच्या नमद्यामुळे, कोटामुळे नाही.

आणि केस? बगलांचे दसऱ्याला आले, पाठीचे होळीपर्यंत आले नाहीत. दुहेरी कोटाच्या कुत्र्यांत असं होऊ शकतं. भादरल्यावर मुळं झोपी जातात आणि सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त काळ जागी होत नाहीत. सावरीच्या पाठीवरचा कोट आजही हाताला वेगळा, लोकरीसारखा लागतो. तेव्हा उन्हाळ्यात पोटाखालचे, तळव्यांमधले आणि गुदद्वाराजवळचे केस आखूड करा, तेवढंच. फिरवणं सकाळी सातच्या आत. डांबरावर आपला हात सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे पंजेही ठेवू नका. पोट आणि पंजे ओले करा, पाठीवर बादली ओतू नका. (हौसेनं हस्की आणून भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात कूलरसमोर ठेवणाऱ्यांना काय म्हणावं, मला शब्द सापडत नाहीत.)

कूलरवरून आठवलं. कूलर खिडकीबाहेर असतो, त्याच्या घोडीखाली पाणी ठिबकतं, माती गार असते. घरातलं कुत्रं दुपारी नेमकं तिथं झोपतं आणि तिथंच अंग झटकतं. ती लव ताट्यांवर ओढली जाते, तिथून टाकीत, आणि टाकीतून पंपाच्या जाळीत. मे महिन्यात भर दुपारी पाणी चढेनासं झालं तर मिस्त्री बोलवायच्या आधी पंप उचलून बघा. आमच्या पंपातून मुठीएवढा पांढरा बोळा निघाला होता. आता पंपाला जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा बांधला आहे आणि दर रविवारी ताट्या धुतो.

घर झाडायचं तर कोरड्या झाडूनं लव फक्त जागा बदलते. आधी ओलसर फडकं फिरवा, मग झाडा. गादी-सोफ्यावर किंचित ओला रबरी हातमोजा एकाच दिशेनं फिरवला की केसांची सुरळी होते. धुण्याचे कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी बाहेर झटका. अंगण शेणानं सारवत असाल तर सारवायच्या आधी केस वेचा, नाहीतर ते शेणात बसतात आणि वाळल्यावर पोपडे सुटतात. तांदूळ निवडायला बसताना कुत्र्याला दुसऱ्या अंगणात पाठवा, हे सासूबाईंचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

त्यांचं दुसरं म्हणणं मात्र अर्धंच खरं निघालं. "कुत्र्याचा केस पोटात गेला की माणूस जातो." केसानं काही होत नाही, तो जसा गेला तसा बाहेर पडतो. पण जंताची अंडी केसाला चिकटलेली असू शकतात आणि ती लहान मुलांच्या पोटात गेली तर त्रास देतात. म्हणून पिलाला तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढं दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, आणि विंचरून झालं की हात साबणानं धुणं. घरात कुणाला दमा असेल तर हेही लक्षात ठेवा की त्रास देणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि कोंड्यात असतात, केस हे त्यांचं वाहन. विंचरायचं काम त्या माणसाला देऊ नका.

कोट विरळ होतो त्या दिवसांत गोचिडं स्पष्ट दिसतात. ती कान, मान आणि बोटांच्या बेचक्यांत शोधा. गोठा घराला लागून असेल तर जनावरांवर फवारायचं औषध कुत्र्यावर मारण्याचा मोह होतो. तो टाळा. मात्रा चुकली तर झटके येऊन पिल्लू दगावतं. मांजर असलेल्या घरात तर दुप्पट जपा, कुत्र्याला चालणारी काही औषधं मांजराला विष आहेत. गोचीड जास्त वेळ अंगावर नसतंच. ते भिंतीच्या फटीत अंडी घालतं, तीही हजारोंनी, म्हणून फटी लिंपून घ्या. ताप, पांढरट हिरड्या, नाकातून रक्त यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

मादीच्या बाबतीत एक आणखी. पहिल्यांदा माजावर आल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी आणि व्यायल्यावर ती पुन्हा भरभरून केस टाकते. तेव्हा घाबरू नका. पोतं, ब्रश, दहा मिनिटं आणि एक अंडं जास्त.

जमलेल्या केसांचं काय करायचं? नालीत टाकू नका, तुंबते. जाळू नका, सगळी आळी विचारायला येते. काही लोक पक्ष्यांना घरट्यासाठी म्हणून झाडावर अडकवतात. कल्पना गोड आहे, पण गोचिडाचं औषध लावलेल्या कुत्र्याचे केस ठेवू नका. ब्रिटनमध्ये घरट्यांतल्या केसांत ही कीटकनाशकं सापडली आहेत आणि जास्त औषध असलेल्या घरट्यांत पिलं मेलेली आढळली आहेत. आम्ही खताच्या खड्ड्यात पुरतो. केसांत नत्र भरपूर असतं, पण कुजायला फार वेळ लावतात. गेल्या उन्हाळ्यात पुरलेला बोळा दिवाळीनंतर वांग्याच्या आळ्यात खत घालताना वर आला. मातीनं करडा झाला होता, पण झटकल्यावर आत तेवढाच पांढरा.